पांढऱ्यावर गुलाबी आलं तर त्याला काय म्हणायचं?

प्रश्न असा: एचडीआर फोटोत (म्हणजे कमी-जास्त उजेडाचे फोटो जोडून केलेल्या फोटोत) जिथे लख्ख ऊन असतं तिथे पांढऱ्याऐवजी गुलाबी दिसतं. या 'हायलाइट कलर आर्टिफॅक्ट'चं मराठी एका मेनूत 'ठळक रंग कलाकृती' असं वाचलं. ते बरोबर आहे का?

कलाकृती तर मुळीच नाही! आर्टिफॅक्ट म्हणजे इथे दृश्यात नसलेला, यंत्राने किंवा आकडेमोडीने घुसवलेला दोष. 'ठळक'ही नको; हायलाइट म्हणजे इथे फोटोतला सर्वांत उजळ भाग. बातमी ठळक असते, अक्षर ठळक असतं. उन्हातली भिंत लख्ख असते.

माझ्यापुढे तीन शब्द आहेत: छटा, डाग, झाक. छटा त्या रंगाची स्वतःची असते. डागाला कड असते. झाक मात्र दुसऱ्याच रंगाची, वरून आलेली. 'निळा आहे, पण हिरवी झाक मारतोय' असं आपण साडी दारात नेऊन, उजेडात धरून म्हणतो ना, तीच.

मागे मी एका जुन्या घराच्या ओटीवरून अंगणाचे तीन एक्स्पोजर (कमी, मध्यम, जास्त उजेडाचे फोटो) घेऊन जोडले, तर चुन्याने रंगवलेलं तुळशीवृंदावन एका बाजूने चक्क राणी कलरचं झालं. (पुस्तकी मराठीत किरमिजी म्हणाल, पण तो जास्त तांबडा. मॅजेंटाला साडीच्या दुकानातला राणी कलरच जवळचा.)

याचं कारण धान्याच्या मापासारखं आहे. उन्हात सेन्सरवर हिरव्याचं माप बहुधा आधी शिगोशीग भरतं; पुढचा उजेड सांडतो, मोजलाच जात नाही. मग व्हाइट बॅलन्स साधायला, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून, कॅमेरा लाल साधारण दुप्पट करतो, निळा दीडपट आणि हिरवा आहे तसाच ठेवतो. लाल-निळं वाढलं, हिरवं तिथेच अडकलं, म्हणून गुलाबी. साध्या फोटोत पांढऱ्याच्या वरचं सगळं छाटलं जातं, त्यामुळे हे लपतं. एचडीआरमध्ये तोच वरचा भाग खाली ओढून दाखवतात, आणि झाक उघडी पडते.

म्हणून क्लिपिंगला, म्हणजे माप भरल्यावर पुढचा उजेड न मोजला जाण्याला, मी 'सांडणं' म्हणतो: 'हिरवा सांडलाय.' 'कर्तन' म्हटलं की मला कात्री दिसते.

दुरुस्तीलाही दोन क्रियापदं हवीत, कारण कामं दोन आहेत. लाल-निळं हिरव्याच्या शिगेइतकं छाटलं की झाक *निघते*, पण जागा पांढरीफटक उरते. जोडताना तेवढा भाग सर्वांत कमी एक्स्पोजरच्या फोटोतून घेतला, तर तपशील *भरून निघतो*. माझ्या वृंदावनावर कुंचल्याचे फराटे परत आले ते असे. त्या फोटोतही हिरवा सांडला असता तर पांढऱ्याफटकावरच भागवावं लागलं असतं.

तर मेनूत लिहा: 'उजळ भागातली झाक काढा'. 'हायलाइटमधली झाक' म्हणालात तरी माझी तक्रार नाही.