कानाशी न पोचलेला फोन

प्रिय भगिनी,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात तुम्ही बारा वर्षे परिचारिका आहात. कोविडच्या काळात, एप्रिल २०२१ मधल्या एका रात्रपाळीत एका आजोबांना त्यांच्या मुलाशी व्हिडिओ कॉल लावून देण्याचे तुम्ही कबूल केले होते. तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरच्या तरुणाचे ऑक्सिजनचे प्रमाण झपाट्याने उतरू लागले, तुम्ही तिकडे धावलात, आणि परत येईपर्यंत आजोबा गेले होते. मुलाला तुम्ही ‘शांतपणे गेले’ एवढेच सांगितलेत. आजही कुकरची शिट्टी झाली तरी मॉनिटरचा अलार्म वाजल्यासारखे तुम्ही दचकता, रात्री झोप तुटते. नोकरी सोडावी का, त्या मुलाला शोधून माफी मागावी का, असे तुम्ही विचारता.

आधी त्या रात्रीचा हिशेब नीट मांडू या, कारण तुम्ही तो सगळा स्वतःच्या एकटीच्या नावावर लिहून ठेवला आहे. व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एक परिचारिका, हे अतिदक्षतेतले मान्य प्रमाण; तुमच्याकडे त्या रात्री चार रुग्ण होते. श्वास सुधारावा म्हणून रुग्णाला दिवसाचे सोळा-सोळा तास पालथे ठेवायचे, तर एकही नळी न निसटता त्याला वळवायलाच चार-पाच माणसे लागतात. पीपीई किट अंगावर असताना घोटभर पाणी पिता येत नाही, आणि हातमोज्यांच्या दोन थरांतून शीर चाचपावी लागते. महाराष्ट्रातले कोविडचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच आढळले होते, म्हणजे त्या रात्रीपर्यंत तुम्ही वर्षाहून अधिक काळ हे सोसत होतात. शिवाजीनगरच्या मैदानावर जम्बो रुग्णालय उभारून शहराला खाटा वाढवता आल्या. पण अतिदक्षतेत मुरलेली परिचारिका काही आठवड्यांत कुठून उभी करणार? ती उणीव तुमच्यासारख्यांनी अंगावर घेतली. मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही तर काही मिनिटांत कायमची इजा होते, हे मी तुम्हाला सांगायला नको. तुम्ही त्या तरुणाकडे धावलात ते योग्यच होते, आणि आजोबांचा फोन राहिला याचे दुःखही खरे आहे.

या बोचणीला ‘नैतिक आघात’ म्हणतात. काय करायला हवे हे माणसाला पक्के ठाऊक असते, परिस्थिती ते करू देत नाही, आणि दोष मात्र तो स्वतःला लावत राहतो. साधा थकवा रजेने उतरतो. हा उतरत नाही, म्हणूनच गावी पंधरा दिवस राहून आल्यावरही तुम्हाला काही फरक वाटला नाही. दचकणे आणि झोप तुटणे इतकी वर्षे टिकले आहे, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांना भेटाच; यावर उपचार आहेत. ओळखीच्या वर्तुळात जायला संकोच वाटत असेल, तर ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही, मराठीतूनही, विनामूल्य बोलता येते.

त्या मुलाला तुम्ही शोधू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रुग्णालयाच्या नोंदींतून त्याचा नंबर काढणे गैर ठरेल, आणि सावरलेल्या माणसाच्या दारात आपले ओझे नेऊन ठेवल्यासारखे होईल. ‘शांतपणे गेले’ हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेले नव्हते, हे मी झाकणार नाही. तो कधी आपण होऊन विचारायला आला, तर ‘त्या वेळी मी दुसऱ्या रुग्णाजवळ होते’ असे सरळ सांगा.

राजीनामा मात्र आज लिहू नका. मेट्रनना भेटून सहा महिन्यांसाठी दुसऱ्या वॉर्डात बदली मागा. झोप थोडी सुधारली की अतिदक्षतेत परतायचे की नाही, हे तुम्हाला अधिक स्वच्छ दिसेल. बदली मागणे म्हणजे पळ काढणे, असे तुमच्या पतींना वाटत असेल, तर हे उत्तर त्यांना वाचायला द्या.

त्या रात्री तुमच्याबरोबर पाळीवर असलेल्या दोघी सिस्टर अजून तिथेच आहेत आणि इतक्या वर्षांत तुम्ही तिघी त्या रात्रीविषयी एकदाही बोलला नाहीत, असे तुम्ही लिहिले आहे. या आठवड्यात पाळी सुटल्यावर त्यांच्याबरोबर चहाला बसा आणि आजोबांचा विषय तुम्हीच काढा. त्यांच्यापाशीही असा एखादा राहून गेलेला फोन असेल.

तुमची,
ताई