दरवर्षी येणारा अधिक महिना

"मॅडम, मी काहीच उधळत नाही, तरी पैसे पुरत नाहीत." मी समुपदेशक आहे आणि परदेशी शिकणाऱ्या मुलांकडून हे सतत ऐकते. अलीकडे त्यात ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाला गेलेल्यांची भर पडली आहे. सिडनी-मेलबर्नपेक्षा खोली स्वस्त मिळते आणि मोठ्या महानगरांबाहेरचा 'प्रादेशिक' भाग म्हणून पदवीनंतर कामाचा व्हिसा जास्त काळ मिळू शकतो, हे गणित करून मुलं जातात. आपण एका बेटावर राहायला चाललोय, हा विचार मात्र फार थोड्या घरांत झालेला असतो.

त्यांतल्या एका मुलीची ही हकिकत. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. ती फेब्रुवारी २०२४ मध्ये टास्मानियाच्या राजधानीत, होबार्टला गेली आणि जुलैत माझ्याशी व्हिडिओ कॉलवर बोलू लागली. आपल्याकडे दुपारचे साडेतीन, तिकडे रात्रीचे आठ. घरात बसलेली, तरी अंगात जाड जॅकेट आणि डोक्याला टोपी.

"हीटर बिघडलाय का गं?"

"नाही मॅडम. लावत नाही. बिल येतं."

होबार्टला जुलैत, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, रात्रीचं तापमान चार-पाच अंशांवर येतं. त्याच जूनपासून टास्मानियात बसभाडं निम्मं झालं होतं, तरी ही पाऊण तास चालत कॉलेजला जायची. कारण एकच. ऑस्ट्रेलियन डॉलर तेव्हा छप्पन्न रुपयांच्या आसपास होता आणि ती प्रत्येक गोष्टीला छप्पन्नने गुणत होती. सर्दी-तापात तिच्या चार-चार तासांच्या दोन शिफ्ट बुडाल्या होत्या. मी तिला कागद-पेन घ्यायला लावलं.

"दोन किलोवॅटचा हीटर रोज चार तास. किती युनिट?"

"आठ."

"युनिटला साधारण तीस सेंट. म्हणजे दिवसाला अडीच डॉलरसुद्धा नाहीत. महिन्याचे धर पंचाहत्तर. आता बुडालेल्या शिफ्टचे सांग."

तिने ताशी तीसने हिशोब केला. (जुलै २०२४ पासून तिथलं किमान वेतन ताशी २४.१० डॉलर होतं, त्यावर कॅज्युअल, म्हणजे कायम नसलेल्या, कामाचे पंचवीस टक्के जादा. कॅज्युअल असल्यामुळे आजारपणाची पगारी रजा नाही.) उत्तर आलं दोनशे चाळीस. ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं मी बऱ्याच वर्षांनी कमावलंय.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारी आहे, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वळणाची : माणसाला त्रास होतो तो बराचसा त्याच्या हट्टी विचारांमुळे. त्यामुळे आकडे मांडून झाले की मी माणसाचा हट्ट शोधते. तिचा हट्ट असा होता : बाबांनी कर्ज काढलंय, तेव्हा माझ्या हातून एकही डॉलर वाया जाता कामा नये. या हट्टापायी तिने हिशोब लिहिणं बंद केलं होतं. बँकेचं ॲप कित्येक दिवसांत उघडलं नव्हतं. अपराधीपणाला लोक काटकसर समजतात. माझा अनुभव उलटा आहे. अपराधी माणूस आपल्या वहीकडे बघतच नाही.

पुढच्या बैठकीत आम्ही दोघींनी मिळून ते ॲप उघडलं. शिल्लक तिच्या भीतीपेक्षा बरीच जास्त निघाली. पण एक गळतीही सापडली. खोलीचं भाडं आठवड्याला २२० डॉलर. बाबांनी निघण्यापूर्वी एक्सेलमध्ये चार आठवडे धरून महिन्याला ८८० लिहिलं होतं. वर्षात आठवडे बावन्न, म्हणजे चार-चार आठवड्यांचे तेरा महिने. आपल्याकडे अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो, तिच्या तक्त्यात तो दरवर्षी येत होता आणि त्याचे ८८० डॉलर कुणीच धरले नव्हते. "म्हणजे मी उधळत नव्हते?" तिने विचारलं आणि पहिल्यांदाच हसली.

तरी गाठ सुटली ती बाबांना बैठकीत बोलावल्यावर. ते बिचारे आल्या आल्या म्हणाले, "मॅडम, आम्ही तिला आजवर एका पैशाचा हिशोब मागितलेला नाही."

"म्हणूनच तर, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही विचारतच नाही. मला वाटत राहतं, एक दिवस सगळं एकदम विचाराल."

ते गडबडले. मग हळूहळू आकडे बोलू लागले. कर्ज किती, व्याज किती. तिची समजूत अशी की पूर्ण हप्ता सुरू झालाय आणि आई-बाबा पोट मारून तो भरताहेत. प्रत्यक्षात, आपल्या बऱ्याच बँकांच्या शैक्षणिक कर्जात असतं तसं, हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होणार होते. बाबा तोवर फक्त व्याज भरत होते. ते तिला कधी सांगितलंच नव्हतं. काळजी नको म्हणून.

मुलांवर ओझं नको म्हणून आपण आकडे लपवतो आणि मूल त्या रिकाम्या जागी सर्वांत मोठा आकडा लिहून टाकतं. माझ्याकडे येणाऱ्या पालकांना मी हे आता पहिल्याच भेटीत सांगते. कर्जाचा कागद मुलाला दाखवा. हिशोबही मागा, पण "कॉफी कशाला प्यायलीस" असा नको. आठवड्याचा एक वार ठरवा आणि एकच आकडा विचारा : शिल्लक किती. ती आणि बाबा दर रविवारी तेवढंच बोलू लागले. छप्पन्नचा पाढा तिने फक्त फी आणि कर्जासाठी ठेवला. रोजचा खर्च तिथल्या तिथे, डॉलरमध्येच.

बेटाचं म्हणून एक वेगळं गणित असतं. टास्मानिया आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये बासची सामुद्रधुनी आहे. बराचसा माल पाणी ओलांडून येतो, त्याची किंमत मोजावी लागते. घरी येतानाही आधी मेलबर्न किंवा सिडनीचं विमान गाठायचं, तेव्हा तिकिटाची रक्कम वेगळी धरा. कामाचेही हंगाम आहेत. डिसेंबर-जानेवारीत पर्यटक असतात, चेरीची तोडणी असते, आणि कॉलेजला सुट्टी असल्यामुळे विद्यार्थ्यांच्या कामावरची पंधरवड्याला ४८ तासांची मर्यादा लागू नसते. हिवाळ्यात हॉटेलांतल्या शिफ्ट कमी होतात आणि नेमकं तेव्हाच विजेचं तिमाही बिल फुगतं. म्हणून इथे महिन्याचं बजेट फसतं, वर्षाचं करावं लागतं. उन्हाळ्यातल्या कमाईतून हिवाळ्याचे पैसे आधीच बाजूला पडायला हवेत.

व्हिसासाठी दाखवलेल्या रकमेला बजेट समजू नका. ती सरकारने ठरवलेली किमान पात्रता आहे. मे २०२४ मध्ये ती वर्षाला २४,५०५ वरून २९,७१० डॉलर झाली, म्हणजे आठवड्याला साधारण ४७० वरून ५७०. जी मुलं जुन्या आकड्यावर गेली, त्यांना ओढाताण जाणवली तर त्यात त्यांचा नाकर्तेपणा नाही. खोलीची अनामत तिथल्या कायद्याने चार आठवड्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही आणि ती सरकारी यंत्रणेकडे जमा व्हावी लागते. कुणी रोख मागून पावती देत नसेल तर ती खोली सोडून द्या, ओळखीचा असला तरी.

जुलैच्या सत्राला जाणारे भर थंडीत, काम कमी असताना पोहोचतात. त्यांनी अनामत, निदान आठ आठवड्यांचं भाडं आणि एका बऱ्यापैकी हीटरचे पैसे निघण्यापूर्वीच वेगळे काढावेत. कामाची कमाई त्यात धरू नये.