घरात आणखी कोण जेवतं?

"काहीच खात नाही हो. एका घासाला दहा मिनिटं लावतो." दोन ते पाच वर्षांच्या मुलांचे पालक माझ्याकडे येतात तेव्हा ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. काय खायला द्यावं याची यादी त्यांना हवी असते. मी मात्र आधी घराबद्दल विचारते. कोण कोण राहतं, कोण किती वाजता येतं, भरवतं कोण? त्यामागचं कारण एका कुटुंबाच्या अनुभवातून सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगा साडेतीन वर्षांचा. भोसरीत दोन खोल्यांचं घर. वडील चाकणच्या कारखान्यात, दर आठवड्याला शिफ्ट बदलणारी. आई एका दुकानात हिशेब पाहते, घरी यायला रात्रीचे साडेआठ. आजोबा वारल्यावर आजी जुन्नरकडचं गाव सोडून इथे आल्या आणि मुलाचं पाळणाघर बंद झालं. जेवण तेव्हापासून बिघडलं, असं आईचं म्हणणं. आजी म्हणाल्या, "पोर पहिल्यापासून असंच आहे, ह्यांना दिवसभर दिसत नव्हतं एवढंच." दोघी एकमेकींकडे न बघता माझ्याशी बोलत होत्या.

मी चार दिवसांची नोंद मागितली. मुलाच्या तोंडात जे जे गेलं ते, किती वाजता, कोणी दिलं, आणि त्या वेळी बाकीचे काय करत होते.

नोंद आईने फार प्रामाणिकपणे केली होती. सकाळी कामावर निघताना मोठा पेला दूध, निदान पोटात काहीतरी गेलं म्हणून. अकराला आजींकडून बिस्किटं. दुपारी मोबाईलवर गाणी लावून मिक्सरमधून काढलेला वरणभात, पाऊण तास. चारला पुन्हा दूध. रात्री वडिलांच्या धाकाने पोळीचे तीन-चार तुकडे, आणि उपाशी झोपू नये म्हणून तिसरा पेला. म्हणजे दिवसाला सातशे मिलिलिटरच्या आसपास नुसतं दूध. मग भूक लागणार कधी?

दुधात लोह फारच कमी असतं, म्हणून आधी त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. हिमोग्लोबिन ९.८ निघालं. या वयात ते ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय समजतात. डॉक्टरांनी लोहाचं औषध सुरू केलं. यात त्या घराला लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ६९ टक्के मुलं रक्तक्षयाची आढळली होती.

वजन साडेतेरा किलो होतं आणि वाढ नीट चालली होती, तरी वडिलांचा विश्वास बसेना. "आधी केवढा खायचा!" हे खरंच होतं. पहिल्या वर्षात मुलाचं वजन जन्माच्या जवळजवळ तिप्पट होतं. दोन वर्षांनंतर मात्र ते वर्षाला साधारण दोन किलोच वाढतं, त्यामुळे भूकही उतरते. ही उतरलेली भूक मोठ्यांना हट्ट वाटते आणि तिथून जबरदस्ती सुरू होते.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो नोंदीचा शेवटचा रकाना. बाकीचे काय करत होते? जवळजवळ प्रत्येक जेवणापुढे एकच उत्तर होतं: "त्याच्याकडे बघत होते."

मी आजींना विचारलं, "आजी, तुम्ही कधी जेवता?"

"त्याचं उरकलं की बघू म्हणते. एकटीला घास जात नाही आता."

आजोबा असताना दोघं रोज एकत्र जेवायची. इथे सून रात्री दहाला ओट्याशी उभ्यानेच काहीतरी खायची, मुलगा शिफ्टप्रमाणे. नातवाने घरात कुणाला शांतपणे बसून जेवताना पाहिलंच नव्हतं. त्याच्यापुरतं जेवण म्हणजे तीन काळजीत पडलेले चेहरे आणि एक मोबाईल. आजींना या घरात आपली जागा हवी होती, आईला दिवसभर दूर राहिल्याची टोचणी होती, वडिलांना वजनाची भीती. हे सगळं त्याच्या एकेका घासावर येऊन बसत होतं. मुलं जेवायला शिकतात ती मोठ्यांना जेवताना बघून, आणि दडपण वाढलं की तोंड मिटतात.

अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी कामाची एक वाटणी सांगितली आहे: काय, केव्हा आणि कुठे वाढायचं ते मोठ्यांनी ठरवायचं; खायचं की नाही आणि किती, ते मुलाने. आम्ही तीच या घराला बसवली. संध्याकाळी सात वाजता आजींनी स्वतःचं ताट वाढून घेऊन त्याच्यासोबत जेवायचं. दूध दिवसाला दोन लहान कप. मोबाईल बंद. पंचवीसेक मिनिटांनी काही न बोलता ताट उचलायचं. आईने आल्यावर भरवायचं नाही, अंघोळ आणि गोष्ट तिच्याकडे. पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात वडिलांनी त्याच्यासोबत चारचं खाणं खायचं.

पहिले दहा-बारा दिवस वाईट गेले. मुलगा दुधासाठी रडला, आजींनी एकदा गुपचूप दिलं, त्यावरून घरात बोलाचाली झाली. मग एका संध्याकाळी त्याने आजींच्या ताटातली भाकरी मागितली, शेंगदाण्याच्या चटणीसकट. त्या फोनवर सांगत होत्या तेव्हा त्यांचा आवाजच बदलला होता. आता त्याही वेळेवर जेवतात, हे मला नातवाच्या जेवणाइतकंच मोलाचं वाटतं.

प्रत्येक घरात एवढ्याने भागत नाही. वजन घटत असेल, गिळताना ठसका लागत असेल, सतत उलटी किंवा बद्धकोष्ठता असेल, खाण्याचे पदार्थ पाच-सहावर येऊन आणखी कमी होत असतील, तर आधी डॉक्टर.

या मुलाचं हिमोग्लोबिन तीन महिन्यांनी ११.२ झालं. पालेभाजी मेथीच्या थेपल्यातूनच जाते, वांग्याला तो हात लावत नाही. नाईट शिफ्टच्या आठवड्यात घडी अजून विसकटते. बालवाडीत डबा संपल्याशिवाय उठू देत नाहीत, त्याबद्दल तिथल्या बाईंशी काय आणि कसं बोलायचं, ते आईला पुढच्या भेटीत ठरवायचं आहे.