व्हिसा २०३१ पर्यंतचा, आय-९४ मात्र १३ मार्चचा

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो, २०२१ मध्ये अमेरिकेचा नागरिक झालो. माझी मैत्रीण १४ सप्टेंबरला पुण्याहून बी-२ (पर्यटक) व्हिसावर मावसबहिणीकडे बारशाला आली. डिसेंबरात आमचं लग्नाचं ठरलं. तिचा व्हिसा २०३१ पर्यंत आहे, आय-९४ वर, म्हणजे प्रवेशाच्या नोंदीवर, मात्र १३ मार्च २०२६ ही तारीख आहे. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयातून तिचा परस्परसंमतीने घटस्फोट झालेला आहे. पुण्याच्या कंपनीची नोकरी चालू आहे आणि मार्चअखेर वडिलांची गुडघ्याची शस्त्रक्रिया आहे. लग्न करून तिला इथेच राहता येईल, की आधी परत जावं? घरचे म्हणतात, व्हिसा आहे तर घाई कशाला?

उत्तर : राहता येईल. तुम्ही नागरिक असल्यामुळे लग्नानंतर त्या 'निकटच्या नातेवाईक' या वर्गात येतील. या वर्गाला व्हिसा क्रमांकाची रांग नाही. त्यामुळे तुमची आय-१३० (नात्याची) याचिका आणि त्यांचा आय-४८५ (ग्रीनकार्डाचा) अर्ज एकाच पाकिटात पाठवता येतो. तुमच्याकडे नुसतं ग्रीनकार्ड असतं तर क्रमांक उपलब्ध आहे का हे दर महिन्याला पाहावं लागलं असतं आणि अर्जाच्या दिवशी त्यांचा इथल्या वास्तव्याचा दर्जा वैध असणंही बंधनकारक झालं असतं.

घाई आहे, आणि ती खरी आहे. व्हिसा म्हणजे विमानतळावर येऊन प्रवेश मागण्याची परवानगी. आत किती दिवस राहायचं ते आय-९४ ठरवतो. सीबीपीच्या (सीमेवर प्रवेश तपासणाऱ्या खात्याच्या) संकेतस्थळावरून तो आजच छापून घ्या आणि नाव, पासपोर्ट क्रमांक, प्रवेशाचा वर्ग, तारीख हे सगळं पासपोर्टशी ताडून पाहा.

'नागरिकाच्या जोडीदाराला मुदत उलटली तरी माफी असते' असंही तुमच्या कानावर आलं असेल. कायद्यात ही सवलत आहे. पण मी कुणालाही तिच्या भरवशावर बसू देणार नाही. ऑगस्ट २०२५ च्या धोरणात यूएससीआयएसने (हे अर्ज हाताळणाऱ्या इमिग्रेशन खात्याने) स्पष्टच लिहिलं आहे की नुसती याचिका दाखल असणं हे हद्दपारीच्या कारवाईपासून संरक्षण नव्हे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सॅन दिएगोत मुदत संपलेल्या जोडीदारांना ग्रीनकार्डाच्या मुलाखतीलाच ताब्यात घेतल्याचे प्रकार घडले. १३ मार्चच्या आत अर्ज दाखल झाला तर तो प्रलंबित असेपर्यंतचे दिवस बेकायदा वास्तव्यात मोजले जात नाहीत. मात्र प्रलंबित अर्ज म्हणजे नवा दर्जा नव्हे. उद्या तो नाकारला गेला तर त्यांच्या हाती काहीच उरत नाही. म्हणून तो वेळेवर जायला हवा, तसाच पहिल्याच खेपेला पक्काही हवा.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. अधिकारी विचारेल : अमेरिकेत उतरताना तुमचा हेतू काय होता? बी-२ वर येणारा माणूस परत जाण्याच्या बोलीवर आत येतो. आल्यानंतर मन बदललं तर तो गुन्हा नाही. आणि नागरिकाच्या जोडीदाराचा अर्ज केवळ आधीच्या हेतूवरून, दुसरं काही विरोधात नसताना, सहसा नाकारू नये, असं इमिग्रेशन अपील मंडळाने १९८० च्या कावाझोस प्रकरणात म्हटलं आहे. खोटं बोलणं ही वेगळी गोष्ट आहे. मुंबईच्या व्हिसा मुलाखतीत किंवा विमानतळावर जाणूनबुजून असत्य सांगितलं असेल तर प्रवेशबंदी कायमची लागते आणि त्यावरची माफी मिळवणं फार कष्टाचं असतं. तुमच्याबाबतीत बारसं खरं आहे आणि लग्न डिसेंबरात ठरलं. तेव्हा परतीचं तिकीट, कंपनीचा रजेचा मंजुरी-मेल, पुण्यातल्या घराचा भाडेकरार हे सगळं जपून ठेवा. पण १४ सप्टेंबरच्या आधी हॉल बुक केला असेल, साखरपुड्याची खरेदी झाली असेल किंवा 'एकदा आलीस की परत जायचंच नाही' असे निरोप फोनमध्ये असतील, तर पाकीट पाठवण्याआधी ते वकिलाला दाखवा. त्या स्थितीत मुदतीत परत जाऊन मुंबईच्या वाणिज्य दूतावासातून स्थलांतरित व्हिसा घेणं हा लांबचा पण सुरक्षित रस्ता आहे.

तारखांचं गणित उलटं मांडा. आज १० जानेवारी, म्हणजे ६२ दिवस. अर्ज टपालात टाकल्याची तारीख धरत नाहीत, तो लॉकबॉक्सला (यूएससीआयएसच्या अर्ज स्वीकारण्याच्या केंद्राला) पोचून स्वीकारला गेल्याची धरतात. सही राहिली, शुल्क चुकलं किंवा फॉर्मची जुनी आवृत्ती गेली तर अर्ज परत येतो आणि तारीख मिळत नाही. परत येण्यात दोन-तीन आठवडे सहज जातात. म्हणून पाकीट १० फेब्रुवारीच्या आत पोचवा. सही पेनाने करा, टाइप केलेलं नाव चालत नाही. फॉर्मच्या तळाशी छापलेली आवृत्तीची तारीख संकेतस्थळाशी जुळते का, ते पाठवायच्या दिवशी पुन्हा पाहा.

लग्नाच्या परवान्यासाठी तुमच्या नगरपालिकेच्या रजिस्ट्रारकडे दोघांनी जायचं, सोबत अठरा वर्षांवरचा एक साक्षीदार. शुल्क २८ डॉलर. अर्जानंतर ७२ तास थांबावं लागतं. परवाना मिळाल्यापासून ३० दिवस चालतो. तो लग्न लावणाऱ्याच्या हातात विधीच्या आधी हवा. घरच्यांना पुण्यात थाटाचं लग्न हवं असेल तर ते नंतर करा. विधीनंतर गुरुजी देतात तो छापील कागद उपयोगाचा नाही. लग्न लागलं त्या गावच्या रजिस्ट्रारकडून शिक्क्याची प्रत घ्यायची.

खरा वेळ खाते ती वैद्यकीय तपासणी. २ डिसेंबर २०२४ पासून आय-६९३ अहवाल आय-४८५ सोबतच जोडावा लागतो. तपासणी यूएससीआयएसने नेमलेल्या सिव्हिल सर्जनकडेच होते, घरचा डॉक्टर चालत नाही. वेळ आजच घ्या. क्षयरोगासाठी रक्ताची चाचणी करतात, लहानपणीच्या बीसीजी लसीचा त्या चाचणीवर परिणाम होत नाही. लसींचं जुनं कार्ड सोलापूर-पुण्याच्या कपाटात असेल तर फोटो मागवून घ्या, नाहीतर गोवर, कांजिण्या, धनुर्वात यांच्या लसी पुन्हा टोचून घ्याव्या लागतात. अहवालाचं बंद पाकीट कुतूहलापोटी फोडू नका. तुमची प्रत डॉक्टरकडून वेगळी मागून घ्या.

एप्रिल २०२४ पासूनच्या दरपत्रकानुसार कागदी आय-१३० चे ६७५ डॉलर, आय-४८५ चे १,४४०, त्यासोबत कामाच्या परवान्याच्या आय-७६५ चे २६० आणि प्रवासाच्या आय-१३१ चे ६३०. प्रत्येक फॉर्मचं शुल्क वेगळं भरा. २८ ऑक्टोबर २०२५ नंतर चेक स्वीकारत नाहीत. कार्डासाठी जी-१४५० आणि बँक खात्यातून भरण्यासाठी जी-१६५० हे फॉर्म आहेत.

महाराष्ट्रातल्या कागदांवर बरेच अर्ज अडकतात. जन्मदाखल्यात बाळाच्या नावाचा रकाना अनेकदा कोरा असतो, 'स्त्री' एवढंच लिहिलेलं असतं. नातेवाइकाला अधिकारपत्र देऊन नगरपालिकेत नावाची नोंद करून घ्या. ती वेळेत झाली नाही तर आहे तोच दाखला, दहावीचं प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्म प्रत्यक्ष माहीत असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं जोडा. मराठी कागदाचं संपूर्ण इंग्रजी भाषांतर हवं. त्याखाली 'मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण व अचूक आहे' असं भाषांतरकाराचं सही-तारखेचं निवेदन पुरतं. नोटरी लागत नाही. तुम्ही स्वतः भाषांतर करू नका, तिऱ्हाइताकडून करून घ्या.

घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची न्यायालयाच्या शिक्क्याची नक्कल मागवा. ई-कोर्ट्सवरून उतरवलेली प्रत पुरेशी नाही. संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नसतं, त्यामुळे पुनर्विवाहासाठी थांबायला नको. आणि नावं : माहेरचं, आधीच्या सासरचं, वडिलांचं नाव मधे असलेलं आणि नसलेलं, सगळी 'वापरलेली इतर नावं' या रकान्यात लिहा. लग्नात नाव बदलायचं असेल तर आत्ता थांबा. पासपोर्ट, आय-९४ आणि अर्ज एकाच नावाने राहू द्या.

आय-८६४ मध्ये तुम्ही त्यांच्या निर्वाहाची हमी देता. २०२५ च्या तक्त्यानुसार दोघांच्या कुटुंबाला वर्षाला २६,४३७ डॉलर उत्पन्न लागत होतं. पाठवताना चालू तक्ता पाहा. कमी पडलं तर सहहमीदार घेता येतो. ही हमी घटस्फोटानेही संपत नाही, म्हणून नीट वाचून सही करा.

लग्न खरं आहे आणि तुम्ही एकत्र राहता याचा पुरावाही लागतो. तुम्ही आईवडिलांच्या घरात राहत असाल तर भाडेकरार नसणार. घरमालक म्हणून त्यांचं निवेदन, दोघांच्या नावाने त्या पत्त्यावर आलेली पत्रं, संयुक्त बँक खातं, विम्यात वारस म्हणून पत्नीचं नाव एवढं जमवा. फोटो वीस-पंचवीस पुरे, पण वेगवेगळ्या तारखांचे आणि दोन्हीकडच्या माणसांसोबतचे.

नोकरीबद्दल : इथे बसून पुण्याच्या कंपनीचं काम करणं आजच थांबवा, बिनपगारी रजा घ्या. आजवर केलं असेल तर फॉर्मवर ते खरं लिहा. नागरिकाच्या जोडीदाराचा अर्ज त्या कारणाने अडत नाही, लपवण्याने अडतो.

शेवटी वडिलांची शस्त्रक्रिया. आय-४८५ दाखल झाल्यावर अॅडव्हान्स परोल (बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी) हाती येण्याआधी त्या अमेरिकेबाहेर गेल्या तर अर्ज सोडून दिला असं धरतात. परोल मार्चअखेर मिळेल अशी आशा धरू नका. तातडीची मागणी करता येते, त्यासाठी रुग्णालयाचं तारखेचं पत्र लागतं. गुडघ्याची शस्त्रक्रिया मात्र ठरवून करायची असते, ती पुढे ढकलता येईल का ते डॉक्टरांना आधी विचारा. नाही जमलं आणि त्यांना जायचंच असेल, तर इथे लग्न करा, आय-१३० भरा आणि आय-४८५ न भरता १३ मार्चच्या आत जाऊ द्या. मुदतीत गेल्या म्हणजे मुदतीनंतर दीर्घकाळ राहिल्यास लागणाऱ्या तीन वर्षांच्या प्रवेशबंदीचा प्रश्न येत नाही आणि पुढचं काम मुंबईतून होईल. तेव्हा ती शस्त्रक्रिया पुढे जाते की नाही, याचा निर्णय लग्नाच्या तारखेसोबतच घ्या.