छोट्या ट्रॅक्टरला मोअर जोडताना पीटीओ शाफ्ट बसत नाही. ठोकावा की कापावा?

हातोडा आधी बाजूला ठेवा. तुम्ही लिहिलंय की मोअर, म्हणजे गवत कापायचं अवजार, तिन्ही पॉइंटवर (खालचे दोन हात आणि वरची टॉप लिंक) जोडून झाला, शाफ्ट मोअरच्या गिअरबॉक्सवर बसला, पण ट्रॅक्टरच्या पीटीओवर (अवजाराला इंजिनाची ताकद देणारा मागचा फिरता दांडा) चढवायला तीन-चार बोटं जागा कमी पडते. ठोकून ती जागा मिळणार नाही. घाव बसतो तो शाफ्टच्या टोकाच्या जॉइंटमधल्या क्रॉसच्या (अधिक चिन्हासारखा तुकडा) बेअरिंगवर आणि पीटीओच्या सीलवर, आणि त्याची फळं महिनाभरानं दिसतात. कापायची वेळ कदाचित येईल, पण त्याआधी दोन गोष्टी बघा.

शाफ्ट म्हणजे एकीत एक सरकणाऱ्या दोन नळ्या. तो खरंच पूर्ण मिटतोय का? तो काढून जमिनीवर घ्या आणि दोन्ही भाग वेगळे करा. नव्या शाफ्टच्या नळीत रंगाचा थर असतो, जुन्याच्या नळीत गंज आणि वाळून दगड झालेलं ग्रीस. डिझेलनं धुऊन, पुसून, ताजं ग्रीस लावलं की भाग हातानं सरसर सरकायला हवेत. एवढ्यावरच काम झालेलं मी पाहिलंय.

दुसरी गोष्ट म्हणजे जोडायचा क्रम. मोठ्या ट्रॅक्टरच्या मागे माणूस बसून काम करू शकतो, छोट्याच्या मागे मनगट वळवायलाही जागा नसते. म्हणून मी टॉप लिंक शेवटी लावतो. मोअर सपाट जागी ठोकळ्यांवर टेकवायचा, खालचे दोन हात जोडायचे, आणि टॉप लिंक मोकळी असतानाच शाफ्ट मिटवून पीटीओवर सरकवायचा. तेव्हा मोअर थोडा मागे कलतो आणि नेमकी ती कमी पडणारी जागा देतो. ड्रॉबार (ट्रॉली ओढायची पट्टी) आड येत असेल तर काढून टाका. हे सगळं इंजिन बंद, किल्ली खिशात, अशा अवस्थेत.

दाते जुळत नसतील तर शाफ्टला मोअरच्या बाजूनं हातानं किंचित फिरवा. त्याबरोबर पातीही फिरतात, तेव्हा त्यांच्याजवळ कुणाचा हात-पाय नको. नेहमीचा ५४० फेऱ्यांचा पीटीओ ३५ मिमी जाडीचा आणि सहा दात्यांचा असतो. एकवीस बारीक दाते दिसले तर तो १००० फेऱ्यांचा. त्यावर तुमचा सहा दात्यांचा जॉइंट जन्मात चढणार नाही, आणि चढवायची जुगाडही करू नका. दात्यांवर उठलेली कोर बारीक कानशीनं काढा. आत गेल्यावर लॉक पिन खाचेत पडल्याचा टक् आवाज येतो. त्यावर विसंबू नका, जॉइंट मागे जोरात ओढून बघा.

एवढं करूनही बसत नसेल तर शाफ्ट लांब आहे. शाफ्ट बहुधा वेगवेगळ्या ट्रॅक्टरना पुरेल असा लांबच पाठवतात, त्यामुळे कापणं यात वावगं काही नाही. चूक होते ती मापात.

मीही ती केली होती. मोअर जमिनीवर असताना शाफ्ट कसाबसा बसला, म्हणून मी खूश. लिफ्टनं मोअर उचलताना मध्येच शाफ्ट पूर्ण मिटला, पुढे सरकायला जागा उरली नाही, आणि सगळा जोर पीटीओच्या बेअरिंगवर गेला. तिसऱ्या दिवशी सीलमधून तेल ठिबकायला लागलं. शाफ्टची दोन इंच नळी वाचवली आणि ट्रॅक्टरची मागची बाजू उघडावी लागली.

म्हणून माप असं घ्या. शाफ्ट न लावता मोअर पूर्ण जोडा. पीटीओ बंद ठेवून लिफ्ट खालपासून वरपर्यंत थोडी थोडी उचला. प्रत्येक टप्प्यावर इंजिन बंद करून पीटीओची खाच ते गिअरबॉक्सची खाच हे अंतर मोजा. सर्वांत कमी अंतर बहुतेकदा अगदी खाली किंवा अगदी वर नसतं. दोन्ही टोकं साधारण एका रेषेत येतात तिथे असतं. समजा ते ६६ सेमी आलं आणि पूर्ण मिटलेला शाफ्ट, लॉकपासून लॉकपर्यंत, ७० सेमी आहे. अडीच सेमी मोकळीक हवीच, म्हणजे शाफ्ट ६३.५ व्हायला हवा. कापायचं ६.५ सेमी: आतली नळी, बाहेरची नळी आणि प्लॅस्टिकची दोन्ही कव्हरं, प्रत्येकातून तेवढंच.

आता इथे एक मेख आहे. दोन्ही नळ्या ६.५ नं कमी झाल्या की नळी नळीत शिरलेली लांबी १३ सेमीनं घटते. म्हणून करवत लावण्याआधी सर्वांत जास्त अंतराचाही हिशोब करा. तिथे नळ्या किमान १५ सेमी एकमेकींत असायला हव्यात. तेवढं उरत नसेल तर कापू नका, योग्य मापाचा शाफ्ट आणा. कापलेल्या कडा आतून-बाहेरून घासा, लोखंडाचा कीस झटकून काढा, मग ग्रीस.

परत जोडताना दोन्ही टोकांना नळीवर बसवलेले योक (क्रॉसला धरणारे दुबेळके) एकाच दिशेत आलेत ना, ते बघा. चौकोनी नळी ९० अंशांनी चुकीची बसू शकते. वाकड्या कोनात फिरणारा क्रॉस एका फेऱ्यात दोनदा वेग वाढवतो, दोनदा कमी करतो. दुसरा क्रॉस तो फरक खोडून काढतो, पण योक जुळलेले असतील तरच. नाहीतर मोअर खडखडत राहतो आणि दोष बिचाऱ्या गिअरबॉक्सला लागतो. शिअर बोल्ट (जास्त ताणाला तुटणारा) किंवा स्लिप क्लच (जास्त ताणाला घसरणारा) असलेलं टोक मोअरकडे ठेवा. कव्हराच्या साखळ्या दोन्हीकडे अडकवा, म्हणजे आतला शाफ्ट फिरतो आणि कव्हर जागेवर राहतं. ५४० म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. सैल बाही गुंडाळली गेली तर हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही.

तुमचा ट्रॅक्टर जुना असेल आणि पीटीओ ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समधूनच चालत असेल तर आणखी एक बघा. क्लच दाबला तरी फिरणाऱ्या पात्यांचा जोर शाफ्टमधून उलटा येतो आणि ट्रॅक्टरला पुढे ढकलत राहतो. कुंपणाजवळ हे कळणं फार वाईट. त्यासाठी पीटीओवर ओव्हररनिंग क्लच, म्हणजे जोर एकाच दिशेनं जाऊ देणारा क्लच, बसवतात. पण त्याचीही लांबी असते, तेव्हा तो लावायचा असेल तर आधी लावा आणि मापं त्याच्यासकट घ्या.

सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त अंतर, मिटलेल्या शाफ्टची लांबी आणि दोन्ही नळ्यांची लांबी, एवढे आकडे इथे टाका. करवत तोवर पेटीतच राहू दे.