जाती की प्रजाती?

प्रश्न असा आहे: बातम्यांत 'पक्ष्यांच्या इतक्या प्रजाती आढळल्या' असं छापून येतं, शाळेच्या पुस्तकात मात्र स्पीशीजला, म्हणजे सजीवांच्या वर्गीकरणाच्या शिडीतल्या सगळ्यात खालच्या मुख्य पायरीला, 'जाती' म्हटलंय. बरोबर काय?

पुस्तक बरोबर आहे. मराठी परिभाषेत स्पीशीज म्हणजे जाती आणि तिच्या वरची पायरी, जीनस, म्हणजे प्रजाती. (काही ग्रंथांत जीनसला 'वंश'ही म्हणतात.) हिंदीत जीनसला वंश म्हणतात आणि प्रजाति हा शब्द सर्रास स्पीशीजसाठी वापरतात. तोच वापर मराठी बातम्यांतही दिसतो. शिवाय 'जाती' म्हटलं की आपल्याला भलतंच आठवतं, आणि 'प्र' लागला की शब्द उगाच शास्त्रीय वाटतो!

वड, पिंपळ, उंबर घ्या. त्यांची शास्त्रीय नावं अनुक्रमे फायकस बेंगालेन्सिस, फायकस रिलिजिओसा, फायकस रेसमोसा. पहिला शब्द तिघांचा एकच, म्हणून प्रजाती एक. दुसरा वेगवेगळा, म्हणून जाती तीन. त्यांना एकत्र का बांधलं ते कळायला कच्चं उंबर उभं चिरून बघा. आत पोकळी, आणि तिच्या भिंतीला आतून चिकटलेली असंख्य बारीक फुलं. वडाच्या आणि पिंपळाच्या फळात, अंजिरातही हाच थाट. फणस यांच्याच मोरेसी कुलातला (कुल म्हणजे प्रजातीच्या वरची पायरी), पण प्रजाती निराळी.

वाघ, सिंह, बिबट्या हे तिघे पँथेरा प्रजातीतले. तेव्हा 'वाघाची प्रजाती नामशेष होतेय' असं लिहिणारा शब्दशः सिंह-बिबट्यांनाही सोबत न्यायला निघालेला असतो.

दोन शब्दी नावांची ही पद्धत वनस्पतींना स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसच्या १७५३ च्या ग्रंथापासून, प्राण्यांना १७५८ पासून लागू धरतात. त्याच्या शिडीत सृष्टी, वर्ग, गण, प्रजाती, जाती एवढ्याच मुख्य पायऱ्या होत्या. संघ आणि कुल नंतर बसले. पायऱ्या टिकल्या तरी त्यांवरची बिऱ्हाडं हलतात. मोरेसी कुल जुन्या पुस्तकांत अर्टिकेलीज गणात सापडेल. एपीजी या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या गटाच्या १९९८ च्या वर्गीकरणाने जनुकांच्या पुराव्यावरून ते रोझेलीजमध्ये, म्हणजे गुलाबाच्या गणात नेलं.

राहता राहिल्या 'आंब्याच्या जाती'. बाजारात खुशाल म्हणा. पण हापूस, पायरी, केसर या सगळ्यांची जाती एकच, मँजिफेरा इंडिका; ते तिचे वाण.