मानवी संस्कृती सुरू झाली की झाल्या?

डिचोलीच्या एका शिक्षिकेने विचारले आहे : ‘मानवी संस्कृती केव्हा आणि कुठे सुरू झाली?’ असा प्रश्न वर्गात दिला, तर एका मुलाने आफ्रिका लिहिले, दुसऱ्याने मेसोपोटेमिया, आणि रिवणला आजोळ असलेल्या मुलीने कुशावतीकाठच्या पणसायमळच्या कोरीव चित्रांचे नाव दिले. हिंदीच्या पुस्तकात अशा ठिकाणी ‘सभ्यता’ असते, तर मराठीतही तसेच लिहावे का? आणि तिघांपैकी कोणाचे उत्तर धरावे?

माझ्या मते तिघांचेही धरावे. प्रश्नातला शब्दच तीन अर्थांचा आहे.

‘गोव्याची संस्कृती’ म्हणताना आपल्या मनात जागर, धालो, जत्रा, जेवणखाण, बोलणेचालणे असते. ‘जोर्वे संस्कृती’ म्हणताना पुरातत्त्वज्ञाच्या मनात वेगळेच असते : संगमनेरजवळच्या जोर्वे गावात जशी लाल रंगावर काळी नक्षी असलेली मडकी सापडली, तशी मडकी, तशी हत्यारे आणि तशी घरे जिथे जिथे मिळतात त्या वस्त्यांचा समूह. साधारण इ.स.पू. १४०० ते ७०० या काळातले हे शेतकरी होते. त्यांना लिपी नव्हती, मोहेंजोदडोसारखी शहरेही नव्हती. आणि ‘सिंधू संस्कृती’ म्हणताना आपण आखीव रस्त्यांची, गटारांची, मुद्रांची आणि वजनमापांची शहरे डोळ्यांपुढे आणतो. इंग्रजीत पहिल्या दोहोंना कल्चर आणि तिसऱ्याला सिव्हिलायझेशन म्हणतात. मराठीत तिन्ही ओझी एकाच शब्दाच्या डोक्यावर आहेत.

शब्द मात्र फार जुना. सम् उपसर्ग आणि कृ धातू मिळून झालेल्या या शब्दाचा मूळ अर्थ नीट करणे, घडवून तयार करणे. ऐतरेय ब्राह्मणात ‘आत्मसंस्कृतिर्वाव शिल्पानि’ असे वाक्य आहे : शिल्पे म्हणजे स्वतःला घडवणे. शुक्ल यजुर्वेदात ‘सा प्रथमा संस्कृतिर्विश्ववारा’ असे येते. ही ओळ हल्ली ‘जगातली पहिली संस्कृती आमची’ याचा पुरावा म्हणून फिरते, ते मला पटत नाही. तिथे संबोधन सोमाला आहे, संदर्भ यज्ञाचा आहे, आणि ‘संस्कृती’ म्हणजे सोम विधिपूर्वक सिद्ध करणे. त्या ऋषींना सुमेर आणि सिंधू यांच्यात आधी कोण, हे ठरवायचे नव्हते. जुन्या शब्दात नवा अर्थ भरून त्याच्याकडून साक्ष काढणे हा त्या मंत्रावरही अन्याय आहे.

कल्चर या अर्थाने हा शब्द रुळवण्यात मराठीचा वाटा मोठा आहे, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. बंगालीत त्यासाठी ‘कृष्टि’ हा शब्द चालू होता. भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी यांनी पॅरिसमध्ये १९२२ च्या सुमारास एका मराठी मित्राच्या तोंडून ‘संस्कृती’ ऐकला, रवींद्रनाथ ठाकुरांना सांगितला, आणि ‘कृष्टि’वर नाराज असलेल्या रवींद्रनाथांनी तो आनंदाने उचलला.

आता ‘सभ्यता’. सभेत शोभेल तो सभ्य. हिंदीने या शब्दाला सिव्हिलायझेशनचे काम दिले आणि तिथे ते नीट चालते. मराठीत मात्र ‘सभ्य’ म्हटले की सुसंस्कृत वागणारा गृहस्थ आणि ‘असभ्य’ म्हटले की शिवराळ माणूस. ‘हडप्पा सभ्यता’ लिहिले की हडप्पाबाहेरच्या शिकाऱ्यांवर, धनगरांवर, गावकऱ्यांवर आपोआप असभ्यपणाचा शिक्का बसतो. एकोणिसाव्या शतकातल्या मराठीत ‘सुधारलेली राष्ट्रे’ आणि ‘रानटी लोक’ अशी जोडी असे. ती आपण टाकून दिली, मग तीच मागच्या दाराने का घ्यावी? ‘सिंधु घाटी’ही तशीच्या तशी उचलू नये. हिंदीत घाटी म्हणजे नदीचे खोरे. गोव्यात मात्र घाटी म्हणून घाटावरच्या माणसाला हिणवतात.

तरीही दोन शब्दांची गरज खरीच आहे. गोव्यातच जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या १९६५ च्या इंग्रजी ग्रंथाच्या नावात कल्चर आणि सिव्हिलायझेशन हे दोन्ही शब्द शेजारी आहेत. हिंदी अनुवादात त्यांची ‘संस्कृति और सभ्यता’ झाली. त्यांच्या वडिलांनी, धर्मानंद कोसंबींनी, मराठीत लिहिताना मात्र ‘हिंदी संस्कृती आणि अहिंसा’ असे एकाच शब्दात भागवले होते.

मी ‘नागरी संस्कृती’ सुचवतो. शब्द माझा नाही. आपले पुरातत्त्वज्ञ सिंधू संस्कृतीच्या काळाला ‘पहिले नागरीकरण’ आणि गंगेच्या खोऱ्यातल्या इ.स.पू. सहाव्या शतकाच्या आसपासच्या शहरांना ‘दुसरे नागरीकरण’ म्हणतात. इंग्रजी शब्दाच्या मुळाशीही लॅटिनमधला नागरिकच आहे. शिवाय ‘नगर’ या शब्दाला मराठीत जुना मान आहे. ज्ञानदेवांनी बाराव्या अध्यायाच्या आरंभी ‘इये मराठियेचिया नगरीं । ब्रह्मविद्येचा सुकाळु करीं’ असे मागितले आणि लगेच पुढे ‘घेणें देणें’ आणले. नगर म्हणजे देवघेव, हे त्यांनी किती सहज जाणले होते!

‘नागरी संस्कृती’ असा शब्द घेतला की केव्हा-कुठे याचे उत्तर बऱ्यापैकी नेमके देता येते. आजच्या दक्षिण इराकमध्ये, सुमेरमध्ये, इ.स.पू. चौथ्या सहस्रकात उरुक हे हजारोंच्या वस्तीचे शहर उभे राहिले. इ.स.पू. ३२०० च्या आसपासच्या तिथल्या मातीच्या पाट्यांवर बहुतांशी हिशेब आहेत : सातू किती आला, बिअर कोणाला किती वाटली, मेंढ्या किती. लेखन तिथे कवितेसाठी नव्हे, कोठारासाठी जन्मले. इजिप्तचे एकत्र राज्य इ.स.पू. ३१०० च्या सुमाराचे. हडप्पा आणि मोहेंजोदडोचा भरभराटीचा काळ इ.स.पू. २६०० ते १९००. जवळपास त्याच वेळी पेरूमध्ये, या कोणाचा वाराही न लागता, काराल उभे होते. तिथे मोठमोठे चौथरे आहेत, पण मातीची भांडी नाहीत. चीन आणि मेक्सिको थोडे मागून आले, तेही आपल्या पायांनी.

म्हणून बाईंच्या प्रश्नात मला बदलावासा वाटतो तो क्रियापदाचा प्रत्यय. ‘संस्कृती’चे अनेकवचनही ‘संस्कृती’च होते, त्यामुळे एक की अनेक हे मराठीत क्रियापदच सांगते. ‘सुरू झाली’ म्हटले की मूल एकच जागा शोधत बसते. ‘कुठे कुठे सुरू झाल्या’ असे विचारले तर खरे उत्तर समोर येते.

‘नागरी’ हे विशेषण काढले, तर आफ्रिका लिहिणारा मुलगा बरोबर ठरतो. केनियात लोमेक्वी येथे सापडलेली दगडी हत्यारे ३३ लाख वर्षांपूर्वीची आहेत, म्हणजे आपली मानवजात जन्मण्याच्या फार आधीची. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लोम्बोस गुहेत गेरूच्या तुकड्यावर कोणीतरी जाणीवपूर्वक जाळीदार रेघा कोरल्या, त्याला सुमारे ७५ हजार वर्षे झाली. आणि तुर्कस्तानातल्या गोबेक्ली टेपेचे प्राणी कोरलेले प्रचंड खांब इ.स.पू. ९५०० च्या आसपास शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्यांनी उभारले. शेती नाही, शहर नाही, पण संस्कृती नाही असे कोण म्हणेल?

पणसायमळची चित्रेही याच अंगाने पाहावीत. जांभ्या दगडाच्या सपाट पात्रात बैल, हरणे, मोर आणि ते गोल गोल फिरणारे चक्रव्यूह कोरले आहेत. गावातले लोक त्यांना ओळखून होतेच. अभ्यासकांच्या जगात ती १९९३ मध्ये आली. त्यांचे वय कोणी मध्याश्मयुगात नेतात, कोणी नवाश्मयुगात. काही ठरले तरी ते जगाचे आरंभस्थान होत नाही. गोव्यातल्या माणसाने आपल्या मनातले दगडावर उतरवल्याची ती फार जुनी खूण आहे, आणि एवढे मोल मला पुरेसे वाटते.

गोव्यात राहणाऱ्याला ‘नागरी’ शब्दाची एक उणीवही दिसायला हवी. सुमेरच्या शेतात कालव्यांच्या पाण्याबरोबर क्षार साचत गेले आणि शेतकरी गव्हाकडून खारटपणा सोसणाऱ्या सातूकडे वळला. आपल्याकडे खारे पाणी भरतीबरोबर येते. त्याला बांधाने अडवून, मानशीतून म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून सोडून, खाजनात म्हणजे खाडीकाठच्या बांधलेल्या शेतात, खारटपणा सोसणारे कोरगुटाचे भात पिकवले गेले. बांध राखणे, उत्पन्न वाटणे, नियम ठरवणे, हे सारे गावकारीने, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या ग्रामसंस्थेने, केले. पोर्तुगिजांनी १५२६ मध्ये गावकारीचे रीतिरिवाज लिहून घेतले, तेव्हा ही व्यवस्था कधीच मुरलेली होती. दामोदर कोसंबींनी जुन्या काबिजादींतल्या, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या भागातल्या, याच ग्रामसंस्थांवर स्वतंत्र लेख लिहिला. सिंचन, सामाईक श्रम आणि हिशेब ही शहराची लक्षणे म्हणून पुस्तकांत मोजली जातात. इथे ती गावाने पेलली. त्यामुळे ‘नागर’ म्हणजे थोर आणि ‘ग्राम्य’ म्हणजे ओबडधोबड, ही संस्कृतातून आलेली वर्गवारी मुलांना शिकवताना टाळावी.

‘आद्य’ आणि ‘आदिम’ यांचीही गल्लत होते. आद्य म्हणजे पहिले; आदिमला मागासपणाचा वास लागला आहे. फळ्यावर लिहायचे तर असे लिहावे : ‘आद्य नागरी संस्कृती सुमेरमध्ये इ.स.पू. चौथ्या सहस्रकात आकाराला आली. इजिप्त, सिंधूचे खोरे, पेरू, चीन आणि मेक्सिको येथेही नागरी संस्कृती उदयाला आल्या.’ आणि रिवणच्या मुलीच्या वहीत : ‘कुशावतीकाठी प्रागैतिहासिक संस्कृतीच्या खुणा आहेत.’ तिचे गुण कापू नयेत.